भूल चालते, संमोहन का नाही?

शस्त्रक्रियेआधी रुग्णाला जे देतात त्याला मराठीत आपण ‘भूल’ म्हणतो. शब्द नीट पाहा. रानात पडते ती भूल, ठग करतो ती भुलवणी, निवडणुकीत मिळतात त्या भूलथापा. इतका डागाळलेला शब्द आपण ऑपरेशन थिएटरात नेला, त्याला ‘तज्ज्ञ’ जोडला, आणि आज भूलतज्ज्ञाला कोणी मांत्रिक समजत नाही. संमोहनाच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. तो शब्द अजून जत्रेत, जाहिरातीत आणि रहस्यकथेत राहतो. त्याची किंमत दुखणे सोसणारी माणसे मोजतात, आणि हे थांबायला हवे, एवढेच मला इथे सांगायचे आहे.

मी डॉक्टर नाही आणि संमोहनाचा धंदाही करत नाही. मी भाषांतरे करतो, आणि त्यांत आरोग्यविषयक मजकूर बराच असतो. ‘संमोहनोपचार’ असे लिहिले की तपासणाऱ्याचा शेरा ठरलेला: ‘हे अंधश्रद्धेत मोडत नाही ना?’ हा प्रश्न विचारणाऱ्याला मी दोष देत नाही. या शब्दाभोवती दोन छावण्या उभ्या आहेत आणि दोघींनी मिळून त्याची ही अवस्था केली आहे.

पहिली छावणी विक्रेत्यांची. पूर्वजन्म दाखवतो, आठवड्यात वजन उतरवतो, दहावीच्या मुलाची स्मरणशक्ती दुप्पट करतो, दोन दिवसांच्या शिबिरात तुम्हालाही ‘हिप्नोथेरपिस्ट’ बनवतो! २००९ साली तर एका हिंदी वाहिनीने पूर्वजन्माचा रिअॅलिटी शोच केला. नामवंत मंडळी आडवी होऊन मागच्या जन्मीचे मरण आठवत होती आणि देश बघत होता. दुसरी छावणी हसणाऱ्यांची. यांच्या मते संमोहन म्हणजे सगळी बुवाबाजी. त्याचे पुरावे तपासण्याचीही गरज नाही. पहिल्यांचा माल खोटा आहे हे दुसऱ्यांचे म्हणणे बरोबर. पण न तपासता नाकारणे हे विवेकाचे लक्षण नव्हे, तो आळस आहे. आणि या आळसाचा फायदा विक्रेत्यालाच होतो, कारण मैदान त्याला मोकळे मिळते.

म्हणून पुरावे काय सांगतात ते आधी पाहू.

आतड्याचा एक विकार आहे, आयबीएस. पोटात कळा, फुगी, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ. आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल. १९८४ साली मँचेस्टरचे डॉ. पीटर व्हॉरवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. कोणत्याच उपचाराला दाद न देणारे ३० रुग्ण दोन गटांत विभागले. एका गटाला संमोहनोपचार, दुसऱ्याला मानसोपचार आणि औषध म्हणून निव्वळ दिखाऊ गोळ्या. संमोहनाचा गट स्पष्टपणे पुढे राहिला. तीस माणसे म्हणजे फार नव्हेत, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून २०१९ची नेदरलँड्समधली चाचणी पाहा. तिच्यात साडेतीनशेच्या वर रुग्ण होते. तीन महिन्यांनी ‘पुरेसा आराम पडला’ असे सांगणारे एकेकट्याने संमोहनोपचार घेतलेल्यांत सुमारे ४१ टक्के, गटाने घेतलेल्यांत सुमारे ३३ टक्के, आणि केवळ माहिती व आधार मिळालेल्यांत सुमारे १७ टक्के होते. ब्रिटनच्या ‘नाइस’ या सरकारी संस्थेने २००८ सालीच आपल्या मार्गदर्शिकेत लिहून ठेवले आहे की बारा महिने औषधे घेऊनही गुण नसेल, तर ज्या मानसिक उपचारांचा विचार करावा त्यांत संमोहनोपचारही आहे.

आता शस्त्रक्रिया. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयात स्तनाच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या २०० स्त्रियांवर झालेली चाचणी २००७ साली प्रसिद्ध झाली. निम्म्या स्त्रियांना शस्त्रक्रियेआधी १५ मिनिटे संमोहन दिले. उरलेल्यांजवळ तितकाच वेळ कोणीतरी बसून आस्थेने ऐकत होते. पहिल्या गटाला भुलीचे औषध कमी लागले. नंतरच्या वेदना, मळमळ आणि थकवाही कमी राहिला. शस्त्रक्रियेला वेळ कमी लागल्यामुळे रुग्णालयाचे दर रुग्णामागे सुमारे ७७३ डॉलर वाचले. पंधरा मिनिटे, आणि यंत्र एकही नाही.

रजोनिवृत्तीत अंगाची लाही होते, त्यावर अमेरिकेत १८७ स्त्रियांवर झालेली चाचणी २०१३ साली आली. आठवड्यातून एकदा अशी पाच सत्रे झाली. बाराव्या आठवड्याला या झळा संमोहनाच्या गटात ७४ टक्क्यांनी उतरल्या होत्या, तुलनेच्या गटात १७ टक्क्यांनी.

‘हा नुसता मनाचा खेळ’ असे म्हणणाऱ्यांसाठी माँट्रियलचा १९९७चा प्रयोग आहे. माणसांचे हात सहन होतील इतक्याच, पण वेदना देणाऱ्या गरम पाण्यात ठेवले आणि संमोहनातून सूचना दिली: हे दुखणे आता कमी त्रासदायक वाटेल, किंवा जास्त. पाणी तेच, तापमान तेच. वेदनेचा त्रास ज्याच्याशी निगडित आहे त्या मेंदूच्या भागातली हालचाल सूचनेप्रमाणे बदलली. स्पर्शाची नोंद घेणारा भाग होता तसाच राहिला. मनाचा खेळ आहेच, पण तो मेंदूत दिसतो. आणि वेदना भोगायची ती मनानेच भोगायची असते, दुसरीकडे कुठे?

पुरावा मानायचा तर पुरता मानायला हवा, सोयीपुरता नाही. सिगारेट सोडण्यासाठी संमोहन इतर उपायांहून सरस आहे का, हे ‘कॉक्रन’च्या २०१९च्या आढाव्याने तपासले. चौदा चाचण्या पाहिल्या आणि निष्कर्ष काढला की पुरेसा पुरावा नाही. बाळंतपणाच्या कळांबाबत २०१६च्या आढाव्यात आढळले की वेदनाशामकांचा एकूण वापर कदाचित घटतो, पण एपिड्यूरल घेणाऱ्यांचे प्रमाण घटत नाही. आणि स्मरणशक्ती? संमोहनाने आठवणी अधिक खऱ्या होत नाहीत. माणसाची खात्री तेवढी वाढते, आणि खोट्या आठवणी खऱ्या वाटू लागतात. म्हणूनच १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या अनेक राज्यांच्या न्यायालयांनी संमोहनाने ‘ताज्या’ केलेल्या साक्षी नाकारल्या. जे तंत्र कालपरवाच्या गुन्ह्याची आठवण भ्रष्ट करते, ते तीनशे वर्षांपूर्वीचा जन्म बिनचूक दाखवील, असे मानायला फार मोठी श्रद्धा लागते. पूर्वजन्माच्या दुकानदाराला उघडे पाडायला संमोहनावरचे संशोधनच पुरेसे आहे.

आणखीही एक कबूल करायला हवे. गोळी कोणती ते रुग्णापासून लपवता येते, संमोहन लपवता येत नाही. त्यामुळे अपेक्षेचा वाटा किती आणि तंत्राचा किती, हे काटेकोर वेगळे करणे अवघड आहे. पण चांगल्या चाचण्यांनी तुलनेला रिकामी खुर्ची ठेवली नाही. तितकाच वेळ आणि तितकीच आस्था देणारे माणूस ठेवले, तरी फरक उरला.

मग हा उपचार आपल्याकडे बदनाम का? मला वाटते, ‘यात सत्ता कोणाची?’ या प्रश्नाचे चुकीचे उत्तर आपण मनात धरून बसलो आहोत. हिंदी, बंगाली, गुजराती, मराठी, सगळीकडे हाच संस्कृत शब्द चालतो. विराटपर्वात अर्जुन संमोहनास्त्र सोडतो आणि कौरवसेना बेशुद्ध पडते. एक सोडणारा, बाकीचे पडणारे. हेच चित्र आपल्या कथा-चित्रपटांत उतरले: रोखलेली नजर, हलणारा लंबक आणि स्वतःची इच्छा हरवलेली बाई.

हे चित्र खोडणारा माणूस आपल्याच किनाऱ्यावर जन्मला. आबे फारिया १७५६ साली गोव्यात कांदोळीला जन्मले आणि १८१९ साली पॅरिसला वारले. त्यांच्या काळात फ्रान्झ मेस्मरच्या अनुयायांचा समज होता की उपचारकाच्या अंगातून एक अदृश्य चुंबकीय द्रव रुग्णात वाहतो. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या समितीने, तिच्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हॉयझिए होते, असा द्रव नसल्याचे डोळे बांधून केलेल्या प्रयोगांनी दाखवले आणि परिणामाचे श्रेय कल्पनाशक्तीला देऊन विषय मिटवला. फारियांनी तिथून पुढचे पाऊल टाकले. द्रव नाही हे मान्य. पण परिणाम तर होतो, आणि त्याचे कारण झोपवणाऱ्यात नसून झोपणाऱ्यात आहे, असे त्यांनी मांडले. आजचे संशोधन त्यांच्या बाजूने आहे. सूचनेला प्रतिसाद देण्याची क्षमता माणसागणिक कमीजास्त असते, ती मोजता येते, आणि १९५९पासून त्यासाठी स्टॅनफर्डची मोजपट्टी वापरात आहे. रुग्ण जागा असतो, ऐकत असतो, नको वाटले तर उठून जाऊ शकतो.

आणि आपण या माणसाचे स्मारक कसे केले? पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी १९४५चा पुतळा आहे. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत. शिल्प म्हणून उत्तम. दोन्ही हात पसरून फारिया उभे आहेत आणि समोर एक स्त्री कोसळते आहे. ज्यांनी आयुष्यभर ‘शक्ती माझ्यात नाही’ म्हणून सांगितले, त्यांच्या हातांतून आपण शक्ती वाहवली.

बंगालमध्येही असेच झाले. १८४५पासून हुगळीत आणि नंतर कलकत्त्यात डॉ. जेम्स एस्डेल यांनी मेस्मेरिझमच्या आधाराने मोठमोठ्या शस्त्रक्रिया केल्या. रुग्णावरून तासन्‌तास हात फिरवण्याचे काम त्यांचे हिंदी मदतनीस करत. पुस्तकावर नाव साहेबांचे. रुग्ण साहेबाला खूश करायला वेदना लपवतात, असा आक्षेप तेव्हाच निघाला. मग ईथर आणि क्लोरोफॉर्म आले आणि विषय संपला. रसायनाने होणारी भूल अधिक भरवशाची होती, तेव्हा ती जिंकली हे योग्यच झाले. पण जिथे रसायन कमी पडते, जसे रिपोर्टात न दिसणारे पोटाचे दुखणे, तिथले दार बंद करण्याचे कारण नव्हते.

कायद्याचेही अडथळे नाहीत. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या नोव्हेंबर २००३च्या आदेशात रेकी, रत्नचिकित्सा, चुंबकचिकित्सा यांना मान्यता नाकारली आहे. त्याच आदेशात अॅक्युपंक्चर आणि संमोहनोपचार यांना नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकांनी किंवा योग्य प्रशिक्षित व्यक्तींनी वापरण्याची मुभा दिली आहे. चाळणी वीस वर्षांपूर्वीच लागली. पण चाळून खाली पडलेले बाजारात तेजीत आहे आणि वर राहिलेले रुग्णालयात पोचत नाही.

इथे साहित्याच्या वाचकांशी माझे खास भांडण आहे. या उपचाराचे औषध म्हणजे वाक्य. सलाइनला भाषांतर लागत नाही, सूचनेला लागते. मँचेस्टरच्या पद्धतीत रुग्णाला पोटावर हाताची ऊब जाणवू देतात, आतड्याची संथ नदी कल्पायला सांगतात. हे मराठीत कसे म्हणाल? ‘आपले स्नायू शिथिल करा’ म्हटले तर बाई आणखी ताठ होईल. ‘अंग सैल सोडा’ म्हटले तर खांदे खाली येतील. आणि ज्या तालुक्यात नदी वर्षातले आठ महिने कोरडी असते, तिथे नदीऐवजी काय? संथाळीत काय, मैथिलीत काय? हे काम इंग्रजीतच राहिले तर हा उपचार महागड्या रुग्णालयातल्या इंग्रजी बोलणाऱ्या रुग्णालाच मिळेल. सरकारी ओपीडीत दिवसभर रांगेत उभी राहिलेली बाई ‘सगळे नॉर्मल आहे, मनाचे आहे’ एवढेच ऐकून घरी जाईल आणि पुढच्या अमावास्येला एखाद्या बुवाकडे पोचेल. निदान तो तिच्या भाषेत बोलतो.

म्हणून मागणी साधी आहे. भूलतज्ज्ञांना, परिचारिकांना, पोटाच्या विकारांच्या विभागांना हे तंत्र शिकवा. जिथे पुरावा आहे तिथे वापरा, जिथे नाही तिथे स्पष्ट नाही म्हणा. पूर्वजन्म विकणाऱ्यांना २००३चा तो आदेश वाचून दाखवा. आणि लिहिणाऱ्यांनी आपापल्या भाषेत सूचनांची ती वाक्ये घडवायला डॉक्टरांच्या शेजारी बसावे. मी बसायला तयार आहे.