मूत्रपरीक्षा आणि आमची लाज

मूत्रासारखा विषय वर्तमानपत्राच्या अग्रलेखांत यावा हें आमच्या कित्येक सभ्य वाचकांस रुचणार नाहीं, हें आम्ही जाणून आहों. परंतु ज्याचा उच्चार करण्याची लाज वाटते म्हणून माणसें दुखणें लपवितात, आणि उपायाची वेळ टळून गेल्यावर दवाखान्याची पायरी चढतात, त्या विषयावर मौन धरण्यांत सभ्यता ती कोणती, हें आम्हांस तरी समजत नाहीं.

वास्तविक पाहतां ही लाज आमच्या प्राचीन वैद्यांस नव्हती. चरक-सुश्रुतांनीं प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले ते पुष्कळ अंशीं मूत्राचा वर्ण, गंध व गढूळपणा पाहूनच. आणि कांहीं रोग्यांच्या मूत्राकडे मुंग्या धांव घेतात, ही गोष्ट त्या काळींच टिपली गेली. पुढें १६७४ सालीं टॉमस विलिस या इंग्रज वैद्यानें तसलें मूत्र मधासारखें गोड लागतें असें लिहून ठेविलें. १७७६ त मॅथ्यू डॉब्सन यानें तें आटवून त्या गोडीचें कारण साखर हेंच होय असें दाखविलें. १८२७ सालीं रिचर्ड ब्राइट यानें, अंगावर सूज आलेल्या रोग्यांचें मूत्र चमच्यांत घेऊन मेणबत्तीवर तापविलें असतां तें अंड्यांतील पांढऱ्या भागाप्रमाणें गोठतें, व अशा रोग्यांचीं मूत्रपिंडें मरणोत्तर तपासणींत बिघडलेलीं आढळतात, हा संबंध जगापुढें मांडला. एक चमचा व एक मेणबत्ती, एवढीच काय ती सामग्री!

आतां याच विषयांत भोंदूगिरीही थोडी झाली नाहीं. रोग्याचें तोंडही न पाहतां नुसती बाटली उजेडांत धरून त्याचें भविष्य वर्तविणारे वैद्य इंग्लंडांत इतके माजले होते, कीं टॉमस ब्रायन यास १६३७ सालीं त्यांचें बिंग फोडणारें पुस्तक लिहावें लागलें. आमच्याकडेही मूत्रावर तेलाचा थेंब सोडून तो कोणत्या दिशेस व कोणत्या आकारांत पसरतो यावरून रोगी जगणार कीं मरणार हें सांगण्याची रीत होती. पूर्वजांचा अभिमान जरूर बाळगावा. मात्र मुंगी खोटें बोलत नाहीं, आणि तेलाचा थेंब पाहणाऱ्याच्या मनांत असेल तें बोलतो, एवढा भेद तरी अभिमान्यांनीं ओळखावा.

आज मेणबत्तीचीही गरज उरलेली नाहीं. १९५६ सालीं साखर ओळखणारी कागदी पट्टी निघाली, आणि तिच्याच पुढच्या पिढीची पट्टी आतां एका बुडवणींत साखर, अल्ब्युमिन, रक्त, पित्तरंग आणि जंतुदोषाचीं चिन्हें दाखविते. तथापि पट्टीवरही आंधळा विश्वास नको. रक्तांतील साखर साधारणपणें दर शंभर मिलिलिटरांस १८० मिलिग्रॅमांच्या वर गेल्याखेरीज ती मूत्रांत उतरत नाहीं. म्हणून मूत्रांत साखर दिसली नाहीं, सबब मधुमेह नाहीं, असा निकाल देणारा मनुष्य स्वतःस फसवितो. उलट, मधुमेहावरील अलीकडचीं कांहीं औषधें साखर मुद्दाम मूत्रावाटे बाहेर काढतात. तीं घेणाऱ्याच्या पट्टीवर साखर दिसली म्हणून घाबरण्याचें कारण नाहीं. बीट खाल्ल्यानें, किंवा क्षयावरील एका औषधानें, मूत्र तांबूस होतें. परंतु असें कांहीं कारण नसतां, आणि मुळींच दुखत नसतां, मूत्रांत रक्त दिसलें, तर तें एकदांच दिसून थांबलें तरी उपेक्षूं नये. तंबाखू ओढणाऱ्यानें तर विशेषच. मूत्राशयाच्या कर्करोगाची पहिली खूण पुष्कळदां हीच असते.

आमचा खरा आग्रह आहे तो अल्ब्युमिनाविषयीं. मूत्रपिंडें मोठीं सोशिक असतात. त्यांची निम्मी शक्ति गेली तरी मनुष्य जेवतो-खातो, कचेरींत जातो, आणि आपण धडधाकट आहों असें समजतो. या मुदतींत मूत्रांतून झिरपणारें थोडेंसें अल्ब्युमिन हीच काय ती वर्दी असते. तेंही आरंभीं इतकें थोडें असतें, कीं साध्या पट्टीस तें सांपडत नाहीं. अल्ब्युमिन व क्रिएटिनिन यांचें प्रमाण निराळें मोजावें लागतें. मधुमेही व रक्तदाबाच्या माणसानें ही परीक्षा दरसाल करावी. तिचा खर्च एखाद्या सणाच्या मिठाईहून अधिक नाहीं. ती टाळल्यावर पुढें आठवड्यांतून दोन-तीनदां, दर खेपेस सुमारें चार तास, यंत्राशीं बांधून घेण्याची पाळी येते. सरकारनें २०१६ पासून जिल्हा रुग्णालयांत गरिबांसाठीं त्या यंत्रांची योजना केली, तें योग्यच केलें. पण यंत्रापर्यंत जाण्याची वेळ पुष्कळांवर न येती तर अधिक बरें.

स्त्रियांची गोष्ट याहून बिकट. गरोदर स्त्रीच्या मूत्रांत अल्ब्युमिन उतरूं लागणें व रक्तदाब चढणें हीं आई व मूल दोघांच्याही जिवावर बेतणाऱ्या संकटाचीं लक्षणें होत, तरी "काल तर तपासलें होतें" म्हणून पुढची तपासणी चुकविणारीं घरें आम्ही पाहिलीं आहेत. आणि बाजारांत, शेतांत, बसस्थानकावर दिवस काढणारी बाई मुतारी नाहीं म्हणून पाणीच पीत नाहीं, तासन् तास आवरून धरते, आणि मग जळजळ व ताप सोसते. मुंबईंत कांहीं स्त्री-संघटनांनीं २०११ च्या सुमारास या हक्कासाठीं चळवळ आरंभिली. पुरुषांस फुकट व स्त्रियांस पैसे, हा मुताऱ्यांवरील पक्षपात त्यांनींच चव्हाट्यावर मांडला. ज्यांस त्या चळवळीचें नुसतें नांव ऐकून हसूं येतें, त्यांनीं एक दिवस सकाळीं आठपासून संध्याकाळीं सहापर्यंत आवरून पाहावें, मग हसावें.

राहतां राहिली ती बाटली. सकाळचें पहिलें मूत्र, आरंभीची धार सोडून मधलें, दवाखान्यांतून दिलेल्या स्वच्छ बाटलींत घ्यावें व शक्य तितक्या लवकर पोंचतें करावें, इतकीच काय ती विधि. आमचे कित्येक मित्र ही बाटली वर्तमानपत्रांत तीन-चार वेळां गुंडाळून, चोरीचा माल न्यावा तशी नेतात. न्यावयाचीच, तर उघडी न्यावी; आणि तेवढें धैर्य नसेल, तर आमच्या अंकाचा कागद त्या कामीं आला तरी आम्हांस वाईट वाटणार नाहीं.