थैलीची पाठ कापू नका

संग्रहालयात काचेमागे लालभडक विणीचा आडवा तुकडा दिसतो. मीटरभर रुंद, त्यावर अष्टकोनी नक्ष्यांच्या रांगा. खाली पाटी: 'बुखारा गालिचा, 19वे शतक'. या पाटीवर शतक तेवढे बरोबर असते.

तो गालिचा नव्हे, थैलीचे तोंड आहे. तुर्कमेन लोक तिला चुवाल म्हणतात. भटक्या कुटुंबाच्या गोल तंबूत कपाट नसे. कपडे, अंथरूण-पांघरूण चुवालमध्ये भरून ती तंबूच्या जाळीला टांगत. मुक्काम हलला की जोडीने उंटाच्या दोन्ही अंगांना लादत. छोट्या वस्तूंना तोरबा, तर घोड्यावर टाकायला खुर्जिन, म्हणजे दोन खणांची पडशी.

हे सारे बायकांचे काम. जमिनीत खुंट्या ठोकून आडवा माग लावायचा, मंजिष्ठेच्या कुळातल्या मुळांनी लोकर लाल रंगवायची आणि गाठीगाठीने तोंड विणायचे. मग त्याच ताण्यावर पुढे साधी पाठ विणायची, पट्टी मध्यावर दुमडून कडा शिवायच्या. तोंड आणि पाठ एकाच हाताने, एकाच धाग्यावर झालेली.

व्यापाऱ्यांनी पाठ कापली. तिच्यावर नक्षी नव्हती आणि तोंड सुटे केले की ते भिंतीवर सपाट बसते. उरले ते चौकटीत गेले, त्यामुळे गाठीही दडल्या. तेके टोळीच्या बाईची गाठ बहुधा एका बाजूला झुकते, सारिक टोळीच्या बाईची ताण्याच्या दोन्ही धाग्यांना सारखीच कवटाळते. हे तुकडा हातात घेऊन पाहिल्यावरच कळते.

'बुखारा' हे नावही असेच कापाकापीचे. बुखारा ही बाजारपेठ. विणणारे तेके, सालोर, सारिक, योमुत, एरसारी, चोदोर. 1881मध्ये रशियन फौजांनी गोकतेपेचा किल्ला घेतला आणि तेके लोकांचा कणाच मोडला. 1888पर्यंत रेल्वे समरकंदला पोहोचली. घरातल्या थैल्या बाजारात गेल्या, रासायनिक रंग मागात आले. आज तुर्कमेनिस्तानच्या झेंड्यावर पाच टोळ्यांचे गूल, म्हणजे गालिच्यांवरचे नक्षीघटक आहेत. 2019मध्ये युनेस्कोने इथल्या गालिचाकलेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. तरी विक्रीच्या यादीत टोळीऐवजी बाजाराचेच नाव लावायचे, हे विणणारीवर अन्याय करणारे आहे.

संग्रहालयांनी पाटीवर टोळी, वस्तूचे खरे नाव आणि उपयोग लिहावा. जिची पाठ शाबूत आहे ती थैली दोन्ही बाजूंनी दिसेल अशी मांडावी. संग्राहकांनी मळकी, ठिगळाची पाठ असलेल्या थैलीलाच जास्त मोल द्यावे. असे झाले तर कात्री थांबेल.

आणि असमालिक! नवरी ज्या उंटावर बसे त्याच्या दोन कुशींवर सोडायच्या या पंचकोनी झुली, जोडीनेच विणलेल्या. बाजारात मात्र त्या बहुधा एकेकट्याच येतात. तिथे पाटीवर 'जोडीतली एक' एवढे दोन शब्द तरी छापावेत.