एंजिनाचा कंप आणि विजेची तार

डिझेल एंजिनात इंधन पेटते ते विजेच्या ठिणगीने नव्हे, तर दाबाने तापलेल्या हवेने, हे वाचकांस ठाऊक असेलच. तथापि सेल्फने सुरू होणारे एंजिन ऐन निकडीच्या रात्री मुके होते, तेव्हा दोष पुष्कळदा डिझेलात नसून एखाद्या तुटलेल्या तारेत सापडतो. मिस्त्री नवी तार जोडतो; दोन महिन्यांनी तीही त्याच जागी तुटते. अशा वेळी तारेच्या कंपनीस नावे ठेवण्यात काय अर्थ?

मिनिटास १५०० फेरे घेणाऱ्या एका सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक एंजिनात तासाला ४५,००० स्फोट होतात. एंजिन थरथरते, सांगाडा स्थिर असतो, आणि दोहोंमध्ये ताणून बांधलेली तार प्रत्येक धक्क्यास किंचित वाकते. वारंवार वाकविलेले तांबे कठीण व ठिसूळ बनते आणि जेथे ते घट्ट धरलेले असते, नेमके तेथेच मोडते.

म्हणून घराच्या भिंतीवरची एकेरी, जाड तार एंजिनास लावू नये. अनेक बारीक तंतूंची लवचिक तार घ्यावी. टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आतच ती प्रथम एंजिनालाच क्लिपने बांधावी, पुढे सैल वळसा द्यावा, आणि मगच सांगाड्यावर न्यावी. कंप सोसावयाचा तो वळशाने, सांध्याने नव्हे. पत्र्याच्या भोकात रबरी बुश हवेच. एरवी पत्रा करवतीप्रमाणे आवरण कापतो, आणि डिझेलने माखलेल्या जागी ठिणगी पडली तर आग लागावयास वेळ लागत नाही. तारेच्या टोकास डाख लावणे पुष्कळांस भक्कम वाटते; परंतु डाख तंतूंतून वर चढतो, तेवढा भाग ताठ होतो आणि त्याच्या कडेशी तार मोडते. योग्य पकडीने दाबून बसविलेला लगच बरा.

ट्रॅक्टर असो वा जनरेटर, एंजिन रबरी पायांवर असेल तर त्याची अर्थिंगची पट्टीही पाहावी. ती तुटली की स्टार्टरचा प्रचंड प्रवाह कधीकधी ॲक्सिलरेटरच्या केबलीतून वाट काढतो व केबल जळते.

अर्थात पायाचे बोल्ट ढिले आणि रबर दगडासारखे झालेले असता या साऱ्या उपायांचा उपयोग थोडाच. बॅटरीही पट्टीने आवळलेली असावी, कारण हादऱ्यांनी आतील प्लेटांवरचा लेप गळतो. तपासणी एंजिन बंद करूनच करावी. चालू एंजिनावर बॅटरीची तार सोडल्यास व्होल्टेज एकदम उसळून अल्टरनेटरचे डायोड जळण्याचा संभव असतो.