६५५३० : एका आकड्याचा वृथा दरारा

१/ तापी-गोमाईच्या संगमावरील प्रकाशा येथे १९५५ साली बी. के. थापर यांनी उत्खनन केले. थरामागून थर उलगडत ते ताम्रपाषाणयुगापर्यंत पोहोचले. मित्रहो, लिनक्स कर्नलमध्येही असे थर आहेत. त्यांतला हा एक.

२/ एका प्रोसेसला स्मृतीचे जास्तीत जास्त किती विभाग जोडता येतात? कर्नलचे ठरलेले उत्तर : ६५५३०.

३/ हे उत्तर आले जुन्या फाइल-रचनेतून. कोसळलेल्या प्रोग्रॅमची स्मृती ईएलएफ फाइलीत उतरवताना विभागांची संख्या १६ बिटांत मावावी लागे. म्हणजे कमाल ६५५३५. त्यातले ५ राखून ठेवले.

४/ पुढे ती अडचण सुटली. आकडा तसाच राहिला. इलास्टिकसर्चला किमान २६२१४४ लागू लागले. वाइनवर चालणारे विंडोजचे काही खेळ याच मर्यादेवर आपटून बंद पडत. २०२३ मध्ये फेडोरा ३९ ने ती १०४८५७६ केली, २०२४ मध्ये उबुंटू २४.०४ नेही. मूळ कर्नल मात्र तेव्हाही जागचा हलला नाही.

५/ ‘जुनी साधने गोंधळतील’, हा आक्षेप खोटा नाही. परंतु मोजक्या साधनांसाठी प्रत्येक नवशिक्याने कारण न कळता ठेचा खाव्यात, हा न्याय कोणता? प्रकाशाचा तळथर आपण जपतो, अभ्यासतो. त्यात संसार थाटत नाही. आकडा मूळ कर्नलमध्येच बदलला पाहिजे.