आधी खड्डा, मग एलेव्हेशन

आमच्या धंद्यात ८-१० वर्षं टिकून राहिलं की 'आर्किटेक्ट' हे पद आपोआप मिळतं. मग माणूस कोड लिहायचं सोडतो आणि चौकोन काढायला लागतो. चौकोनांना बाण जोडले की झालं आर्किटेक्चर! हा शब्द ज्यांच्याकडून उसना घेतला, त्यांच्या मूळपुरुषाचं पुस्तक गेले दोन-तीन विकांत वाचतोय, आणि सारखं गाव आठवतंय. गाव म्हणजे हिवरखेड, तालुका तेल्हारा, जिल्हा अकोला.

मूळपुरुष म्हणजे व्हिट्रुव्हियस. इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या शतकातला, रोमन सैन्याची यंत्रं सांभाळणारा इंजिनियर. उतारवयात त्यानं वास्तुकलेवर १० भागांचं पुस्तक लिहून सम्राट ऑगस्टसला अर्पण केलं. त्यातलं 'मजबुती, उपयोग, सौंदर्य' हे त्रिकूट लोक स्लाइडवर टाकतात. पुढचं कुणी वाचत नाही. वाचलं तर त्रास होईल ना!

कारण खांबांच्या नक्षीपर्यंत हा गृहस्थ तिसऱ्या भागात पोचतो. त्याआधी जागा, वारा, वाळू, चुना, विटा. पाया खणायचा तर कठीण थर लागेपर्यंत खणा, म्हणतो. नाहीच लागला, तर वरून जाळून घेतलेले लाकडी खुंट ठोका आणि मधे कोळसा भरा. कच्च्या विटा भर उन्हाळ्यात पाडू नका, वरून वाळतात आणि आतून ओल्या राहतात. २ वर्षं वाळू द्या. उटिका शहरात तर ५ वर्षं जुनी वीट अधिकाऱ्यानं पास केल्याशिवाय भिंतीत जात नसे. आणि विटेला माती कोणती? पांढरट चिकण नाहीतर तांबडी.

इथं वऱ्हाडातला माणूस थबकतो. आपल्याकडे वस्तीच्या जागेला 'पांढरी' म्हणतात आणि शेताला 'काळी'. हे कवित्व नाही, सॉइल रिपोर्ट आहे. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कपाशीला उत्तम, पायाला काळ. (वस्तीच्या राखेनं माती पांढरी झाली की पांढरी बघून वस्ती बसली, यावर खुशाल वाद घाला.) गढ्या आणि धाब्याची घरं पांढऱ्या मातीच्या जाड भिंतींची, आणि ती बांधणाऱ्यांनी कुठलाही रोमन वाचला नव्हता.

आता काय चाललंय? काळीत एनए लेआउट पडतात. चार-पाच फूट खड्डा, त्यात कॉलम, आणि पुण्यातल्या कुठल्यातरी बंगल्याचा मोबाइलवर आलेला फोटो बघून पश्चिमेला भलीमोठी काच. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो, हे त्या काचेला कोण सांगणार? आमच्या नात्यातल्या एका घरात रिटायरमेंटचा सगळा फंड गेला. दुसऱ्या पावसाळ्यात दाराच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघाली आणि दारच लागेना. नकाशावर सही करणारे साहेब प्लॉटवर एकदाही आले नव्हते. भेग पडल्यावर बोलावलं कोणाला, तर वास्तुवाल्याला! त्यानं निदान केलं, संडास चुकीच्या दिशेला आहे.

उत्तर नाही असं नाही. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं गेल्या शतकातच काळ्या मातीसाठी अंडर-रीम्ड पाइल तयार केली: खोल जाऊन टोकाला कांद्यासारखा फुगवटा असलेला काँक्रीटचा खुंट. पण त्याआधी माती तपासावी लागते, आणि तो खर्च सगळ्यात आधी कापला जातो. खाली पूर्णेकडच्या खारपाणपट्ट्यात तीच तऱ्हा. समुद्राची वाळू वापरली तर भिंतीतून खार फुटून गिलावा सुटतो, असं व्हिट्रुव्हियस बजावतो. त्याच्या भिंतीत लोखंडी सळई तरी नव्हती. आपण सळईभोवती खाऱ्या बोअरच्या पाण्याचं काँक्रीट ओततो, आणि सळई गंजून फुगली की सिमेंटच्या नावानं बोटं मोडतो.

म्हणाल, जुनं ते सोनं लावलंयस! मुळीच नाही. धाबं गळतं, दर वर्षी लिंपण करायला आता कुणाला वेळ नाही. आरसीसी बांधा, जरूर बांधा. पण आर्किटेक्टला पैसे एलेव्हेशनचे देता की जमीन वाचण्याचे, ते आधी ठरवा. व्हिट्रुव्हियसच्या यादीत वैद्यकही आहे, कायदाही आहे. कायदा अशासाठी, की सामाईक भिंत आणि वळचणीचं पाणी यांची भांडणं घरमालकाच्या गळ्यात पडू नयेत. गावात ही भांडणं तालुक्याच्या कोर्टात पिकतात.

शेवटच्या भागाच्या सुरुवातीला तो एफिससचा एक जुना कायदा सांगतो. सार्वजनिक काम घेताना आर्किटेक्टनं खर्चाचा अंदाज द्यायचा, आणि काम पुरं होईपर्यंत त्याची मालमत्ता तारण. अंदाजात बसला तर मानसन्मान. चौथाईपर्यंत वाढला तर वरचा पैसा सरकारचा. त्याच्यापुढे गेला तर आर्किटेक्टच्या खिशातून. हा कायदा रोममध्ये हवा होता, सरकारी कामांनाच नव्हे तर खाजगी घरांनाही, असं तो चक्क लिहितो, आणि स्वतः आर्किटेक्ट असून लिहितो. आमच्या पार्कातल्या कुठल्याही आर्किटेक्टला हे मेल करून बघा.