नळीचे सोवळे
विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते, अमेरिकेत माणसांचे चाकांवर. ओटा, खाटा, न्हाणीघर, सगळे एका गाडीत! तिला तिकडे कॅम्पर म्हणतात. थोरल्याकडे गेले की सुटीत आम्ही अशी गाडी भाड्याने घेऊन निघतो. मुक्कामाच्या मैदानावर प्रत्येक गाडीच्या जागेशी बहुधा एक तोटी असते. तिला नळी जोडली की गाडीतले नळ सुरू.

पण आमच्या सूनबाई आधी तोटी न्याहाळतात. या गाड्यांना संडासाची टाकी असते; ती रिकामी केली की मैल्याची नळी धुवावी लागते. कुणी आळशी गृहस्थ ती याच तोटीखाली धुऊन गेला नसेल कशावरून? मग आतले पाणी कितीही शुद्ध असो, तोंडाची घाण आपल्या पेल्यात येणारच. म्हणून त्या पातळ केलेल्या ब्लीचने तोटीचे तोंड पुसतात, पाणी थोडा वेळ वाहू देतात, मगच नळी जोडतात. नळीही पिण्याच्या पाण्यासाठीच बनवलेली, बहुधा पांढरी नाही तर निळी. बागेची हिरवी नळी चालत नाही. पिण्याच्या पाण्याच्या जोडांत शिसे सरासरी ०.२५ टक्क्यांहून अधिक नसावे, असा तिकडे २०१४ पासून कायदा आहे. बागेच्या नळीला तो लागू नाही. टाकी धुवायची नळी तर तिसरीच, वेगळ्या रंगाची नि वेगळ्या कप्प्यात. सासूबाईंचे सोवळे मला फार जाचे. या नळ्यांचे मात्र मुकाट्याने पाळते!

दुसरी गोष्ट दाबाची. गाडीतल्या नळ्या प्लॅस्टिकच्या, सांधे नाजूक, आणि काही तोट्यांना दाब भलताच. गॅसच्या टाकीवर असतो तसा एक रेग्युलेटर यासाठी मिळतो; तो दाब चौरस इंचाला चाळीस-पन्नास पौंडांवर आणतो. बसवायचा मात्र तोटीपाशी, गाडीपाशी नव्हे, म्हणजे नळीही वाचते. तरीसुद्धा फिरायला बाहेर पडताना तोटी बंद करावीच. टाकीचे पाणी सांडले तर टाकीभर सांडेल. तोटीला अंत नाही. सांधा निसटला तर परत येईपर्यंत गाद्या तरंगत असायच्या.

वाचकहो, पुढच्या सुटीत मुलाकडे जाणार असाल तर आणखी एक ध्यानात ठेवा. निघताना नळी निथळून गुंडाळा आणि तिची दोन्ही टोके एकमेकांत फिरवून बसवा. आत धूळ किंवा किडामुंगी शिरत नाही. कडाक्याच्या थंडीत तर नळी रात्रीच काढून ठेवावी आणि गाडीच्या टाकीतले पाणी वापरावे. नाहीतर सकाळी ती काठीसारखी ताठ होऊन बसते आणि चहा खोळंबतो.