आभार कोणाचे मानावयाचे?

स्तनाच्या कर्करोगावरील नव्या उपचारांचा लाभ झालेल्या स्त्रिया आता शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत भेटू लागल्या आहेत. वीस वर्षांपूर्वी हे फारसे संभवनीय नव्हते. 'छातीत गाठ' हे शब्द घरात कुजबुजत उच्चारले जात आणि त्या कुजबुजीचा शेवट बहुधा ठरलेला असे. आज अशी एखादी स्त्री उपचारांचे वर्ष पुरे करून पुन्हा खुरपणीला जाते, अंगणवाडीत रुजू होते, मुलीच्या बाळंतपणाची तयारी करते. तिच्याशी बोलावयास बसले की तिचा पहिला उद्गार तक्रारीचा नसतो, आभाराचा असतो. डॉक्टर देवासारखे भेटले. नणंदेने घर सांभाळले. अमक्या साहेबांनी चिठ्ठी दिली म्हणून पैसे मंजूर झाले. आणि सर्वांवर रांजणगावच्या गणपतीची कृपा.

या कृतज्ञतेला हसण्याचा अधिकार कोणालाही नाही. मरणाच्या दारातून परतलेल्या माणसाचा तो सहजधर्म आहे. परंतु सार्वजनिक जीवनात काम करणाऱ्याने एक प्रश्न विचारला पाहिजे. हे आभार ज्यांच्यापर्यंत पोचावयास हवेत त्यांच्यापर्यंत ते पोचतात का? अर्थशास्त्र शिकविण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला येथे जमाखर्च मांडून पाहण्याचा मोह होतो. तो मांडला असता असे दिसते की जमेच्या बाजूची बहुतेक नावे त्या स्त्रीला कोणी सांगितलेलीच नाहीत.

प्रथम हा उपचार म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. केमोथेरपीची औषधे वेगाने वाढणाऱ्या सर्वच पेशींवर आघात करतात. म्हणून केस गळतात, तोंड येते, रक्तातील पेशी घटतात. लक्ष्यवेधी औषध विशिष्ट खूण असलेल्या पेशीच गाठते. या मार्गावरचे पहिले मोठे औषध टॅमॉक्सिफेन. संप्रेरकाच्या आधारे वाढणाऱ्या गाठींवर ते चालते, १९७३ पासून ब्रिटनमध्ये वापरात आले आणि आज अगदी स्वल्प किमतीत मिळते. दुसरे ट्रास्टुझुमॅब. स्तनाच्या कर्करोगाच्या साधारणतः दर पाच-सहा रुग्णांपैकी एकीच्या गाठीत 'हर-टू' नावाचे प्रथिन वाजवीपेक्षा पुष्कळ अधिक असते. हा प्रकार पूर्वी सर्वांत झपाट्याने पसरणाऱ्या प्रकारांपैकी एक मानला जाई. ट्रास्टुझुमॅब त्याच प्रथिनाला जाऊन चिकटते. अमेरिकेत त्याला १९९८ साली मान्यता मिळाली. रोग दूरवर पसरला असेल तर ते आयुष्य वाढविते. रोग प्रारंभीच्या अवस्थेत असताना केमोथेरपीच्या जोडीने दिले तर तो उलटण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येते, असे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांनी दाखविले. आपल्या तालुक्यांतील स्त्रियांच्या आशेला हा शास्त्रीय आधार आहे.

आता जमेची बाजू पाहू. गाठीत हर-टूचे जनुक वाढलेले असले की रोग अधिक घातक ठरतो, हे डेनिस स्लॅमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली दाखविले. स्लॅमन कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठात काम करीत होते. औषध बनविणाऱ्या जेनेन्टेक कंपनीचा उत्साह मध्यंतरी मंदावला होता. त्या काळात संशोधनाला देणग्यांचा आधार मिळाला. औषध हाती येण्याची वाट पाहत मरणाऱ्या स्त्रियांनी व त्यांच्या मैत्रिणींनी कंपनीच्या दारात निदर्शने केली. ज्या निर्णायक चाचणीवर मान्यता अवलंबून होती तिच्यात ४६९ स्त्रियांनी भाग घेतला. सर्वांचाच रोग पसरलेला होता. त्यांतील निम्म्यांच्या वाट्याला नेहमीची केमोथेरपीच आली, कारण तुलनेवाचून निष्कर्ष निघत नाही. नव्या औषधाच्या गटातील स्त्रिया सरासरी पाच महिने अधिक जगल्या. त्या पाच महिन्यांच्या पुराव्यावर आज न्हावऱ्याची किंवा पाटसची एखादी स्त्री दहा-दहा वर्षे जगते. त्या ४६९ जणींचे आभार कोणी मानले?

औषध निघाले, परंतु ते भारतात बहुसंख्यांच्या आवाक्यात नव्हते. २०१२ पूर्वी ४४० मिलिग्रॅमच्या एका कुपीची किंमत एक लाख रुपयांहून अधिक होती आणि वर्षभराचा खर्च कित्येक लाखांत जाई. शेतमजुराच्याच काय, प्राध्यापकाच्या घरालाही तो झेपणारा नव्हता. २०१२ साली स्त्री-संघटनांनी आणि आरोग्य-कार्यकर्त्यांनी परवडणाऱ्या ट्रास्टुझुमॅबसाठी मोहीम उघडली. त्याच वर्षी मार्चमध्ये सोराफेनिब या दुसऱ्या एका कर्करोगाच्या औषधावर भारताने पहिला सक्तीचा परवाना दिला होता आणि त्याची महिन्याची किंमत सुमारे दोन लाख ऐंशी हजारांवरून ८,८८० रुपयांवर आणली होती. रोश कंपनीने त्या साली ट्रास्टुझुमॅबची किंमत उतरविली व पुण्याच्या एम्क्युअर कंपनीमार्फत ते वेगळ्या नावाने विकावयास काढले. २०१३ साली रोशने भारतातील पेटंटचा हक्क सोडून दिला. २०१४ च्या आरंभी बंगलोरच्या बायोकॉनचे समरूप औषध बाजारात आले तेव्हा त्याची ४४० मिलिग्रॅमची कुपी ५७,५०० रुपयांस होती. रोशने त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा केला. तरीही पुढे झायडस, हेटेरो आदी कंपन्या आल्या आणि स्पर्धेने भाव आणखी उतरला. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या व भारताच्याही अत्यावश्यक औषधांच्या यादीत ट्रास्टुझुमॅब समाविष्ट झाले आणि त्याची किंमत नियंत्रणाखाली आली.

ही घसरण कोणाच्या मनाच्या मोठेपणातून झालेली नाही. तिच्यामागे १९७० चा पेटंट कायदा आहे, ज्याने औषधाच्या वस्तूवरील पेटंट रद्द करून देशी औषधउद्योगाला उभे राहू दिले. तिच्यामागे १९५४ साली पिंपरीत सरकारी भांडवलावर स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्ससारख्या कारखान्यांनी घडविलेले रसायनतज्ज्ञ आणि कामगार आहेत. २००५ साली जागतिक व्यापार कराराच्या दडपणाने वस्तूवरील पेटंट परत आले, तेव्हा कायद्यात सक्तीच्या परवान्याची तरतूद आणि कलम ३ (ड) शिल्लक राहावे म्हणून झगडलेले लोक आहेत. या सर्वांची नावे इंजेक्शन घेणाऱ्या स्त्रीला ठाऊक नाहीत; परंतु तिच्या शिरेत जाणारा थेंब तिच्यापर्यंत त्यांच्याच वाटेने आला आहे.

लढा संपला असे मात्र कोणी समजू नये. ट्रास्टुझुमॅबच्या पुढची औषधे आता आली आहेत आणि त्यांच्या किमती पुन्हा त्याच उंचीवर गेल्या आहेत. रायबोसिक्लिब या औषधावर सक्तीचा परवाना द्यावा, असा अर्ज केरळमधील एका रुग्ण स्त्रीने २०२२ साली तेथील उच्च न्यायालयात केला. सुनावणी चालू असतानाच ती वारली. प्रश्न एकटीचा नाही म्हणून न्यायालयाने तो स्वतःहून पुढे चालविला. केंद्राने २०२४ च्या अर्थसंकल्पात ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकॅनसह कर्करोगाच्या तीन औषधांवरील आयात जकात माफ केली. त्याने बिल काहीसे हलके होते. परंतु मक्तेदारीच्या किमतीवरील जकात सोडली म्हणून मक्तेदारी सुटत नाही.

औषध स्वस्त झाल्यावर जो खर्च उरतो तो फारसा कोणी मोजत नाही. ट्रास्टुझुमॅब दर तीन आठवड्यांनी, वर्षात सुमारे १८ वेळा घ्यावे लागते. शिरूर पुण्यापासून सुमारे ६५-७० किलोमीटर, दौंड सुमारे ७५. इंजेक्शनाचा तो सबंध दिवस जातो आणि सोबतीला एक माणूस लागते. म्हणजे वर्षात दोघांचे मिळून ३६ दिवस बुडतात. हृदयावर परिणाम होत नाही ना हे पाहण्यासाठी दर तीन महिन्यांनी इको तपासणी असते, तिचे दिवस निराळे. २०२३ पासून एसटीत स्त्रियांना निम्मे भाडे आहे. सोबत येणाऱ्या नवऱ्याला पुरे पडते. रोजंदारीवर जगणाऱ्या घरात औषध फुकट मिळूनही उपचार मध्येच सुटतो तो या हिशेबाने. मग आजूबाजूचे लोक म्हणतात, बाईने हयगय केली.

याच दोन तालुक्यांत कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत औषधांची मूलद्रव्ये बनतात आणि ती देशोदेशी जातात. त्या कारखान्यांचे टँकर ज्या रस्त्याने धावतात त्याच रस्त्याने कुरकुंभची बाई इंजेक्शनासाठी पुण्यास जाते. औषध बनविण्याची विद्या आपल्या दारात आली. औषध टोचण्याची सोय अद्याप आलेली नाही.

मधल्या पोकळीत उपकाराचे राजकारण शिरते. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना २०१२ साली वेगळ्या नावाने सुरू झाली, २०१७ साली तिला आजचे नाव मिळाले आणि आता तिची मर्यादा कुटुंबास वर्षाला पाच लाख रुपये आहे. ही योजना करदात्यांच्या पैशावर चालते, आणि काडेपेटीपासून मोबाइलपर्यंत प्रत्येक खरेदीवर कर भरणारी शेतमजूर स्त्रीही करदाती आहे. तरी मंजुरीचा कागद कोणाच्या तरी हस्ते दिला जातो, छायाचित्र निघते आणि चौकात फ्लेक्स लागतो. जिचा एक स्तन गेला आहे, जिचे केस अजून पुरते उगवलेले नाहीत, तिला हात जोडून त्या चित्रात उभे राहावे लागते. तिच्या आभाराचे मतांत रूपांतर करण्याचा हा उद्योग आहे आणि त्याला सर्वच पक्षांचे लोक कमीअधिक लागलेले आहेत. यातून अपमानाखेरीज आणखी एक हानी होते. जे कृपेने मिळाले ते उद्या न मिळाल्यास कोणाला जाब विचारावयाचा, हे तिला उमगत नाही.

आशेविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. लक्ष्यवेधी औषध सर्वांना चालत नाही; गाठीची संप्रेरके आणि हर-टू यांची तपासणी झाल्यावाचून ते कोणाला द्यावे हे कळत नाही. आणि रोग लवकर सापडला तरच त्याचे पुरते फळ मिळते. लवकर शोधण्यास महाग यंत्रच हवे असेही नाही. टाटा रुग्णालयाच्या इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील १,५१,५३८ स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्या भागांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी केली. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: तपासणी झालेल्या स्त्रियांत रोग आधीच्या अवस्थेत सापडला आणि पन्नाशी ओलांडलेल्यांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. त्याच रुग्णालयाच्या राजेंद्र बडवे यांच्या चमूने २०२३ साली दाखविले की शस्त्रक्रियेपूर्वी गाठीभोवती साध्या भुलीच्या औषधाचे इंजेक्शन दिले तर पाच वर्षे जगणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ८६ वरून ९० टक्क्यांवर जाते. हे औषध जवळजवळ फुकट आहे. म्हणूनच त्याची जाहिरात करावयास कोणी पुढे येत नाही. ब्रिटनमध्ये सरकारी पैशाने झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिन्यांचे ट्रास्टुझुमॅब बारा महिन्यांच्या तोडीचे ठरले. औषध निम्मे विकले जावे यासाठी कोणती कंपनी संशोधन करील?

ग्रामीण भागात हे जमणार नाही म्हणणाऱ्यांनी दौंडहून सोलापूरच्या गाडीत बसावे आणि कुर्डुवाडीस बदलून बार्शीला जावे. टाटा रुग्णालयाच्या साहाय्याने तेथे कर्करोगाचे रुग्णालय उभे राहिले आणि १९८७ पासून भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी चालू आहे. बार्शीला जे साधले ते भीमाकाठी आणि घोडकाठी का साधू नये?

म्हणून कार्यकर्त्यांनी तीन कामे हाती घ्यावीत. पहिले, तीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीच्या स्तनतपासणीचा जो कार्यक्रम सरकारी कागदावर आहे तो आपल्या उपकेंद्रात प्रत्यक्ष चालतो का, हे आशाताईंना सोबत घेऊन पाहावे. त्यांना पुरेसे प्रशिक्षण आणि मोबदला मिळत नसेल तर त्यांच्या बाजूने उभे राहावे. दुसरे, केंद्राने २०२५ च्या अर्थसंकल्पात जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची दिवसभराची उपचारकेंद्रे काढण्याचे आश्वासन दिले आहे. ते जिल्ह्यावर न थांबता शिरूर आणि दौंडच्या सरकारी रुग्णालयांपर्यंत यावे, इंजेक्शन आणि इको दोन्ही तेथे व्हावेत आणि बुडालेल्या रोजाची भरपाई योजनेतच असावी, अशी मागणी ग्रामसभांतून ठरावाने करावी. तिसरे, जिचे उपचार चालू आहेत तिच्या घरी जावे. योजनेत काय मिळते, काय नाकारता येत नाही आणि तक्रार कोठे करावयाची, हे तिला लिहून द्यावे. चिठ्ठी मात्र देऊ नये.

तिने आपले आभार मानले तर ते नम्रपणे परतवावेत आणि तिला त्या ४६९ जणींची हकीकत सांगावी. स्वतःला बरे वाटेल की नाही याची खात्री नसताना त्यांनी पुढच्यांसाठी हात पुढे केला. त्यांचे ऋण मानणारी स्त्री उद्या आपल्या आळीतल्या दुसऱ्या बाईचा हात धरून तिला तपासणीस घेऊन जाईल. शिरूर-दौंडमधील काही जणी हे करूही लागल्या आहेत. आपण त्यांच्या मागोमाग जावयाचे आहे.